शेवटची धग

वोब्बे ऊमकेसने वीट आणली बटाट्याच्या पोत्यातून.
टेबलावर ठेवली, टोपी काढली,
म्हणाला, आमच्या गोठ्याच्या भिंतीतली. मठाची आहे.
हे ठाऊकच आहे सगळ्यांना. फक्त साल हवं.

ग्रोनिंगेनच्या उत्तरेला प्रत्येक गोठा असंच म्हणतो.
मठ पाडले तेव्हा विटा गाड्या भरभरून गेल्या,
प्रार्थना ऐकलेल्या भिंती
डुकरांना आडोसा झाल्या.
तीस वर्षं हेच करते आहे मी,
विटेचा वीट मात्र अजून आलेला नाही.

वजन सात किलो, वर थोडं.
लांबी माझ्या कोपरापासून मनगटाच्या जरा पुढे.
एवढी थोराड वीट नंतर कुणी पाडली नाही.

हिऱ्याच्या करवतीने चतकोर काढला,
घासत घासत केसाहून पातळ केला,
तेव्हा मातीतून उजेड आरपार गेला
आणि दिसले डायटम, अर्धवट वितळलेले,
खाऱ्या पाण्यातले. म्हणजे चिखल तुडवणाऱ्यांच्या
पावलांखाली समुद्र होता.
गवताच्या काड्या जळून गेलेल्या,
त्यांच्या जागा तेवढ्या शिल्लक.
कडेला चुन्यामुळे पिवळी, पोटात काळी:
आवा उघडायची घाई झाली असेल,
किंवा त्या शरदात पीट वाळलंच नसेल.

एका कोपऱ्यावर अंगठा.
आमच्या येल्मरने स्वतःचा लावून पाहिला.
मावला नाही.

मग लाल दिव्याची खोली.
क्वार्ट्झचा कण जमिनीतले किरण साठवत असतो,
कवडी कवडी करून, शतकानुशतकं,
आणि धग लागली की सगळं एकदम उधळतो.
तो उजेड मोजायचा. त्यावरून कळतं
शेवटचं कधी भाजलं होतं.

साडेसातशे वर्षं यायला हवी होती.
दोनशे तीस आली.
मी पुन्हा मोजलं. येल्मरने मोजलं.
दोनशे तीस, अधिक-उणे पंधरा.

वोब्बेला बोलावलं. विचारलं,
तुमचा गोठा कधी जळाला होता का?

त्याने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.
आम्ही ते बोलत नाही, म्हणाला.
मग बराच वेळाने, खिडकीकडे बघत:
गाय अडली होती. हिल्ये कंदील घेऊन गेली.
घरच्या बायबलात तिचं नाव आहे,
जन्माची तारीख आहे,
पुढे कुणी काही लिहिलं नाही.

मी सांगितलं, वीट मठाचीच,
आकार सांगतो, माती सांगते, तो अंगठा सांगतो.
पण तिच्या कणांना मठाचा आवा आठवत नाही,
त्यावर दुसरी आग गेली आहे.

अधिक-उणे पंधरा, तो म्हणाला. चालेल.
आणि खिशातली पेन्सिल काढून
पावतीच्या पाठीवर आकडा लिहून घेतला,
एकदा खोडला, पुन्हा नीट लिहिला.

उठताना विचारलं, तुम्ही मोजलंत तो उजेड, तो गेला का?
मोजला तेवढा गेला, मी म्हटलं,
चमचाभर कणांतला. बाकी विटेत आहे अजून.

त्याने ती पोत्यात घातली, तोंड सुतळीने बांधलं,
कडेवर घ्यावं तशी उचलली.
दारापर्यंत गेल्यावर मला सुचलं, ओरडून सांगितलं:
ऊमकेस, चुलीजवळ नका ठेवू.