उजवीकडची दाढ

टॉवेलच्या गठ्ठ्यावर कागद पसरून
मल्लेशम समजावत होता:
हप्ता वर्षाला चार हजार दोनशे,
पहिलं वर्ष नुसती वाट बघायची,
मग रूट कॅनलचे निम्मे.
कॅप तुमची तुम्ही.

मी जिभेनं चाचपत होते
उजवीकडची खालची दाढ.
तिला वर्षबिर्ष कळत नाही,
रात्रीचे दोन तेवढे कळतात.

‘आधीची कीड चालत नाही, अक्का.’
म्हणजे दुखते ती सोडून
बाकी सगळ्यांचा विमा.

‘अपघातात पडला तर पूर्ण पैसे.’
आणि कडक भाकरीनं तुटला तर?
तो पेन चावत राहिला.
‘कंपनीला विचारून सांगतो.’

रात्री पावतीमागं मांडलं:
तीन वर्षांचे बारा हजार सहाशे.
अशोक चौकातला डॉक्टर पाच घेतो,
ओळखीत साडेचार.
मांडता मांडता नरसम्मा आत्या आठवली,
विडीचा दोरा दातानं तोडायची.
पन्नाशीत तोंड रिकामं.
कुणी मोजलेही नव्हते.

सही केली नाही.
केली नाही म्हणून झोपही नाही.

सकाळी आमटीत भाकरी मोडून
मऊ व्हायची वाट बघत बसले,
मग डावीकडून चावले.
डावीकडचीही आता
थोडी थंड लागते.