पाणी यायच्या आधी

पाचव्या दिवसाचं पाणी आज रात्री तीनला.
चावीवाला म्हणाला, तीन म्हणजे साडेतीन धरा.
मी पायरीवर बसलेय, बॅरल उघडं, पाइप सोडून ठेवलेला.
त्या गावात अजून कालच चालू आहे, साडेअकरा,
आणि एन्कार्ना सांगते, आत्ता कुठं जेवणं आटोपून
लोक चौकात खुर्च्या टाकतात, उन्हाळा असतो ना.
उन्हाळा मला सांगू नका. मी सोलापूरची.

गावाच्या नावात दोन ल आहेत, दोन्ही मिळून य होतात.
तीन हजार माणसं. टॉवेलचा एक कारखाना, बावीस माग.
शाळेत अकरा पोरं; नऊ झाली की कुलूप.
त्यांना जकार्डचं डिझाईन करणारं माणूस हवंय,
जमलं तर त्या माणसाबरोबर एखादं मूल.
मूल नाही म्हटल्यावर ती जरा थांबली,
मग फोनमधल्या भाषांतरवाल्या बाईनं शुद्ध पुणेरीत सांगितलं,
"हरकत नाही, वडिलांना आणावे."

वडील म्हणजे अंबादास गुंडेटी, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात, कान तिथंच ठेवून आलेले.
मी ओठ हलवून विचारलं, नाना, स्पेनला जाऊ का?
ते म्हणाले, कशाला, चौकात मिळतो की पेन.
दोन दिवसांनी कडक भाकरी मोडता मोडता, आपणहून,
"माझा बाप करीमनगरहून आला
तेव्हा मराठीतला एक शब्द येत नव्हता. पाणीसुद्धा नाही.
आठवडाभर ओंजळ करून मागत होता."
एवढंच. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत.
शेंगाचटणीची बरणी पुढं सरकवली.

बुधवारी तिनं फोन हातात धरून घर दाखवलं.
दोन वर्षं भाडं नाही. दगडी जिना, अंजिराचं झाड, पंखा नाही.
शेजारणीच्या तारेवर टॉवेल वाळत होता,
निळी पट्टी, करवतीकाठी नक्षी,
आणि कोपऱ्याकडून तिसऱ्या चौकड्यात एक दात कमी.
मी ओरडले, थांब, परत दाखव.
ती जिना परत दाखवू लागली.
तो दात मी खाल्लाय. दोन हजार सोळा, दिवाळीच्या तोंडावर,
डोळ्यांवर झोप, कंटेनर भरायची घाई,
शेठ म्हणाले होते, जाऊ दे की, तिकडं कोण मोजतंय.

माझ्याआधी माझी चूक तिथं पोचलीय
आणि नांदतेय.

(की नुसतं धुऊन धुऊन विरलं होतं कापड?
फोनवर रंग तरी कुठं धड कळतात.)

आमच्या गल्लीत सोळा कारखाने होते. आता चार,
आणि एक मंगल कार्यालय, त्याच पत्र्याखाली.
पोरं पुण्याला. त्यांची पोरं माद्रिदला.
कधी वाटतं, एका ओसरत्या गावानं दुसऱ्याला पत्र लिहिलंय
आणि पाकीट म्हणून मला निवडलंय.
कधी वाटतं, पगार तिप्पट आहे, बास, बाकीची भाषणं कशाला.
कधी नुसतंच वाटतं की तिथं नळ सुरूच असतो
तर रात्री मी जागी कशासाठी राहीन?

शुक्रवारपर्यंत कळवायचंय. शुक्रवार म्हणजे पुढचं पाणी.

जिन्यावर चप्पल वाजली. नाना.
त्यांना तेच विचारायचं होतं मला, इतके दिवस,
की मी नसले तर पाणी आलेलं तुम्हाला कळणार कसं?
ते शेजारी बसले, बनियनवर, काही न बोलता,
पाइपवर तळवा ठेवून, जसा चालू मागावर ठेवायचे.
"आलं," म्हणाले.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
अक्कलकोट रोडवर एक ट्रक, दोन कुत्री.
मग नळ खोकला.

पहिली बादली गढूळ असते.
ती त्यांनी उचलून अळूला घातली.