गच्चीवरचा पंप

कुमुद कोरेगावला गेली, भाचीच्या लेकीच्या बारशाला,
आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे
गरम पाण्याचा पंप बंद पडला.

नळ उघडला, तर आधी नुसता खाकरला,
मग तांब्याभर कोमट, मग काहीच नाही.
जानेवारी. गोडोलीत धुकं असं
की समोरचा अजिंक्यतारा कुणी उचलून नेलाय.

एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली मी.
डिझेल पंप, वॉटर पंप झोपेत उघडून जोडले.
हा तर नारळाएवढा जीव,
सोलरच्या टाकीतलं पाणी बाथरूमकडे ढकलायचं,
एवढंच त्याला काम.
प्लंबर कशाला?

पहिल्या दिवशी कपॅसिटर बदलला.
दुसऱ्या दिवशी टेस्टर लावला. करंट येतोय,
आणि पंप नुसता गुंगुं करतोय,
ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसल्यासारखा.
तिसऱ्या दिवशी गार पाण्याने अंघोळ केली
आणि शेजारच्या कणसे सरांना सांगितलं,
तब्येतीला बरी असते.
चौथ्या दिवशी शिंका.

पोवई नाक्यावर दुकानातला पोरगा
पंप हातातसुद्धा न घेता म्हणाला,
"काका, हे रिपेर होत नाही आता. नवा घ्या."
त्याच्या जन्माआधीची इंजिनं
मी महाबळेश्वरच्या घाटात चालती ठेवली होती.
पण पाकीट काढलं.
तीन हजार आठशे. वॉशर फुकट.

बसवताना एकच गोष्ट सांभाळायची,
अंगावरचा बाण.
पाण्याने जिकडे जायचं, तिकडे त्याचं तोंड.
टेफ्लॉन गुंडाळली, दोन्ही युनियन आवळल्या,
हवेचा स्क्रू सैल केला,
फुस्स, फुस्स, मग धार.
बटण दाबलं.
आवाजच नाही.

वाटलं, हाही गेला.
पाइपावर तळवा ठेवला.
आत काहीतरी सरकत होतं
आणि ऊब चढत होती, बोटांतून मनगटाकडे.

संध्याकाळी जुना पंप भंगारात टाकायच्या आधी
पुसून घेतला. सवय.
एका बाजूला रंग उडालेला, तिथे
बारीक बारीक पोचे. शेकड्यांनी.
एकाच उंचीवर, एकाच कोनात,
रोज कुणी एकाच जागी उभं राहिल्यासारखे.
गाडीला असे पोचे दिसले की मी विचारायचो,
ड्रायव्हर कोण?

कुमुद आली, पिशवीत बारशाच्या घुगऱ्या.
पंप तिच्यापुढे ठेवला.
एकदा बघितलंन, आणि घुगऱ्या डब्यात काढत म्हणाली,
"वेलदोड्याचा बत्ता. दोन ठोके. हलकेच.
रात्रभर क्षार धरायचा तो, पहाटे सुटायचा नाही.
साडेचारला वर जायचे मी."
"कधीपासून?"
"तुम्ही रिटायर झालात, त्या दिवाळीपासून."

तीन वर्षं.

"मग सांगितलं का नाहीस?"
"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना,
मी बसवलेला पंप आहे, कधी ब्रेकडाऊन नाही."

मी घुगऱ्या खाल्ल्या. मीठ जरा जास्त होतं.
तेही बोललो नाही.

पहाटे जाग आली. साडेचार.
शेजारची गादी रिकामी, जिन्यात चपलांचा आवाज.
आता कशाला? म्हणत मीही गेलो मागून.
धुक्यात ती पंपापाशी उभी.
हातात बत्ता नव्हता.
स्वेटरच्या बाहीतून काढलेला तळवा पाइपावर.

"चालतोय?"
"कळत नाही बाई. तुम्ही बघा."

मी हात ठेवला, तिच्या हाताच्या पुढे,
बाण दाखवतो त्या बाजूला.
पाणी आधी तिच्या हाताखालून गेलं,
मग माझ्या.