क्ष, इयत्ता आठवी

धोपाव्याच्या धक्क्यावरून साडेनऊची फेरीबोट
एक टेम्पो, दोन डंपर, सात दुचाक्या पोटात घेऊन
दाभोळकडे वळते,
आणि मी पर्समध्ये आवळासुपारीची डबी चाचपते.

चौदा वर्षं बीजगणित शिकवलं.
बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी:
शनिवार-रविवार रत्नागिरीत वर्ग,
मंगळवार-गुरुवार इथल्या शाळेत सराव.
तीनशे तास भरल्याशिवाय सही नाही,
सहीशिवाय नोंदणी नाही,
आणि नोंदणी होईतो दारावर 'समुपदेशक' असं
खडूनंसुद्धा लिहायचं नाही.

दारावर तसंही 'नकाशे व क्रीडा साहित्य' आहे.
आत फक्कीची बादली, गुंडाळलेला आशिया,
दोन खुर्च्या. त्या समोरासमोर नकोत,
जरा तिरक्या ठेवायच्या,
हे आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं.

फाईलमध्ये मुलाचं नाव लिहायचं नाही.
म्हणून तो क्ष.
लिहिताना मला हसू आलं, मग आलं नाही.
किती वर्षं फळ्यावर लिहीत आले, क्षची किंमत काढा.
कंसात कोंडला, कंसाबाहेर काढला,
बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना
त्याचं चिन्ह बदललं,
क्ष कधी काही बोलला नाही.

हाही बोलत नव्हता.
तीन मंगळवार फुटबॉलच्या फाटक्या जाळीला
गाठी मारत बसला.
मी विचारलं, घरी कोण कोण असतं.
मी विचारलं, गणित जड जातं का.
मी म्हटलं, अरे, होईल सगळं ठीक.

संभाषण शब्दशः लिहून न्यावं लागतं.
डाव्या रकान्यात तो, उजव्यात मी,
मधली शांतता सेकंदांत.
नाचणकर मॅडम लाल पेन वापरत नाहीत,
पेन्सिल वापरतात, म्हणून जास्त लागतं.
'इथे तो अकरा सेकंद गप्प आहे.
बाराव्या सेकंदाला कोण घाबरलं?'
'होईल सगळं ठीक'भोवती फिकट गोल,
समासात: तुम्हाला कसं माहीत?

चौथ्या मंगळवारी ओहोटी होती,
खिडकीतून सुकटीचा वास.
मी जीभ दातांखाली धरून मोजत होते.
अकरा. बारा. वीस.
एकतीसला तो जाळीशीच बोलल्यासारखा म्हणाला,
"माला बोट लागतं, बाय."

मग बराच वेळ काही नाही. मग,
"बापूस तांडेल हाय.
बोलतो, खारव्याचा पोर दर्यात ओकतो
ह्ये वाडीत कुनाला सांगू नको."

माझ्याकडे उत्तरं तयार होती.
गोळी मिळते. रिकाम्या पोटी जाऊ नये.
लांब बघावं, जवळचं पाणी बघू नये.
(आठवड्यातून चार वेळा मी दुसरं काय करते?)
पण आम्हाला सांगितलंय, स्वतःची गोष्ट काढू नये,
काढावीशी वाटलीच तर आधी विचारावं,
ही मी कोणासाठी काढतेय?

मी विचारत होते, खरंच विचारत होते,
तेवढ्यात रुमाल ओढताना
डबी पर्समधून सुटली आणि फक्कीच्या बादलीशी गेली.

त्यानं उचलली. वास घेतला.
पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.
"फेरीत पन?"
"फेरीत पण."
"फेरी तर हलत पन नाय, बाय."

उजव्या रकान्यात दोन शब्द भरले.
तास सत्तेचाळीस, उरले दोनशे त्रेपन्न.
बापूस अजून तांडेलच आहे,
नारळी पौर्णिमा बावीस दिवसांवर,
आणि क्ष बोटीवर जाणार की नाही
हे मला माहीत नाही.

परतीच्या फेरीत पर्स उघडली, डबी नव्हती.
शनिवारी मॅडम विचारतील,
त्यानं ठेवून घेतली, की तुम्ही दिलीत?
हे कुठल्या रकान्यात येतं, देव जाणे.
गाळाचं पाणी बोटीच्या बाजूनं ढवळत होतं,
मी तिकडे बघितलं नाही,
धोपावं येईपर्यंत लांब बघत राहिले.