रविवारची वीज

दिघ्याच्या विभाग कार्यालयाला आज कुलूप.
गच्चीवर मात्र चोवीस पॅनल कामावर,
हजेरीपटावर नाव नसलेले.

द्वारका मढवी बादली घेऊन चढते.
खाणीची धूळ, कबुतरांची शिट,
कारखान्यांकडून येणारा तो पिवळट चिकटा,
सगळं कापडी बॅनरच्या तुकड्याने पुसते.
तुकड्यावर अजून वाचता येतं : हार्दिक अभि

खाली जन्म-मृत्यूच्या खिडकीत अंधार,
पंखे थांबलेले, शिक्के कोरडे.
मग ही वीज जाते कुठे?
एकदा तिने मीटर बघायला आलेल्या पोराला विचारलं होतं.
‘तारेत,’ तो म्हणाला,
‘जवळ जो मागेल त्याला. विजेला पत्ता नसतो, मावशी.’

बिल बरं बरोब्बर पत्त्यावर येतं.

पण जवळ म्हणजे किती जवळ?
डोंगराच्या पोटाशी तिसरी गल्ली,
निळ्या ताडपत्रीची खोली,
सून आता बाळाला घेऊन
पंख्याखाली आडवी झाली असेल.

द्वारका शेवटच्या पॅनलशी
जरा जास्तच रेंगाळते.
गल्लीच्या अंगाचा कोपरा
तोंडाची वाफ देऊन पुन्हा घासते,
चष्म्याची काच घासावी तसा.

मग तुकडा पिळते.
पाणी काळं.
जिना उतरताना कठडा इतका तापलेला
की हात लावता येत नाही.