टँकरलाही श्वास लागतो

पहाटे साडेतीन. उणे एकोणीस.
इसाल्मीच्या उत्तरेचे सतरा गोठे माझ्या वाट्याला.
पाइप जोडायचा, नमुन्याची बाटली भरायची,
चार अंशांचं दूध टाकीत ओढून घ्यायचं,
पुढचं वळण.
परतेपर्यंत वीस हजार लिटर.

आणि घरी, फ्रिजच्या दारात,
लोणच्याच्या बरणीआड लपवलेला
ओटच्या दुधाचा खोका.
डेपोतलं कुणी चहाला आलं तर?

पिहला सव्वा वर्षाची.
नोव्हेंबरपासून हा पाचवा कान.
कान तिला दोनच, पण आमच्याकडे आता असंच मोजतात:
पहिला कान पाळणाघरातल्या सर्दीचा,
दुसरा नाताळात, पाहुण्यांसमोर फुटलेला,
तिसरा कुठला नि चौथा कुठला
ते हेन्रीकाला विचारा, तिने लिहून ठेवलंय.
रात्री दोनला केळ्याच्या वासाचं औषध,
त्यातलं अर्धं माझ्या बनियनवर.

मार्केत्ता सौनाच्या वरच्या बाकावर बसून
हेन्रीकाच्या कानाशी लागली:
दूध तोडा. माझ्या तिघांचंही तोडलं होतं.
दूध कफ धरतं.
कुजबुजून, कारण तिच्याच गोठ्यात
बेचाळीस गाई, आणि नवरा खालच्या बाकावर.

डॉक्टर राउतियाइनेन म्हणाल्या,
एखाद्याला दुधाची अ‍ॅलर्जी असते, त्याचं निराळं.
बाकीच्यांचं छातीठोक सांगावं
असं माझ्या हाती काही नाही.
पाळणाघरात मुलं किती?
चौदा.
बाटली आडवी निजून पिते?
हेन्रीका खिडकीबाहेर बघू लागली.
घरात सिगारेट?
ट्रकमध्ये, मी म्हणालो. काच खाली करून.
त्यांनी लिहून घेतलं. काच लिहिली नाही.

मग कागदावर एक नळी काढली,
नाकामागून कानाकडे जाणारी.
मोठ्यांची उतरती, लहानांची आखूड, जवळपास आडवी.
ती बुजली की कानाला हवा नाही.
हे मला कुणी समजवायला नको होतं.
वरचं झाकण न उघडता टँकर उपसला
तर काय होतं ते मी पाहिलंय एकदा:
एवढं पोलाद, कागदी पेल्यासारखं आत बसलेलं.

आम्ही दूध तोडलं. सहा आठवडे.
दही, चीज, लोणी, सगळंच.
कान गप्प.
मार्केत्ताने भेटेल त्याला सांगितलं.
पण त्याच सहा आठवड्यांत बर्फ वितळला,
पाळणाघराच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या
म्हणून पिहला घरीच होती,
बाटली जाऊन पेला आला,
आणि माझं लायटर तळ्यात.
कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच गाठ, खरं.
पण आमच्या बर्चवर कावळे पाच होते
आणि वाराही सुटलेला.

जूनमध्ये पेत्तेरी ह्युवारिनेनच्या अंगणात
ती माझ्यासोबत. मी पाइप गुंडाळत होतो.
वळून बघतो तो म्हाताऱ्याने तिला
थंड दुधाचा पेला दिलेला, दोन्ही हातांनी धरलेला,
ओठावर पांढरी मिशी.
हिसकावून घ्यावा? त्याच्या गाईंसमोर?
मी हसलो. आभार मानले.
पुढे नऊ दिवस रोज तिच्या कानामागे
हात लावून ताप बघितला.
नव्हता.
दूध परत आलं, आधी चोरून, मग सरळ टेबलावर.

सप्टेंबरात सहावा कान.
पाळणाघर उघडून अकरावा दिवस, दूध सुरू होऊन नव्वदावा.
हेन्रीकाने दोन्ही आकडे लिहिले,
बाण कुठल्याच आकड्याकडे काढला नाही.

आता चौदा तारखेला कुओपिओला जायचंय.
पडद्यात बारीकशी नळी बसवणार,
तिळाएवढी.
मी विचारलं, झडप असते का तिला?
डॉक्टर हसल्या नाहीत.
नाही, म्हणाल्या, ती उघडीच असते.