ढाळ

एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात
गाड्यांच्या पोटाखाली गेली माझी.
लोकांना गावं आठवतात, मला फरश्या.
परभणीची, तेल पिऊन काळी झालेली;
गंगाखेडची, पाठीला खडे टोचणारी;
जिंतूरची, जिच्यावर मे महिन्यातही
वीतभर गारवा सापडायचा, एका कोपऱ्यात.

वसमत रोडला घराला चिकटून
पत्र्याचं गॅरेज उभं राहिलं, तर प्रयागा म्हणाली,
"गाडी काय गादीवर झोपणार हाय?
टाका कोबा अन् व्हा मोकळे."
गाडी नाही गं. मी झोपणार आहे.

बियाणींच्या दुकानात पोऱ्यानं आधी इपॉक्सी दाखवलं.
"काका, तोंड दिसतं यात."
तोंड रोज बघतो, म्हटलं, दाढी करताना.
मग रबराच्या चटया, एकात एक अडकणाऱ्या
(पत्र्याखाली उन्हाळ्यात त्यांचा वास सुटेल, हे तो बोलला नाही),
मग पेव्हर ब्लॉक, लाल आणि पिवळे.
मी पिशवीतून बाटली काढली. जळकं ऑइल.
प्रत्येक नमुन्यावर पळीभर ओतलं
आणि चपलेसकट उभा राहिलो.
पोऱ्या मालकाला बोलवायला पळाला.
इपॉक्सीवर पाय गेला, काउंटर धरलं म्हणून वाचलो.
शहाबादीवर, बिनपॉलिशच्या, दीड इंची,
टाच रोवली ती हलली नाही.
"पण काका, ही तेल पिते. डाग जायचा नाही."
राहू दे.
डाग निदान दिसतो.

खाजामियाँ मिस्त्रीनं पहार मारली आणि थांबला.
"खाली काळी हाय, काका.
उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटती,
पावसाळ्यात फुगून फरशी उचलती.
वर काय बी लावा, हिचं ऐकावं लागतंय."
दोन फूट काळी उपसली.
प्रयागानं ती कढीपत्त्याला घातली, लिंबाला घातली,
उरलेली घमेल्यानं गल्लीत वाटली.
मुरूम आला तीन ट्रॉल्या. पाणी, मग धुम्मस.
दिवसभर धप्प, धप्प.
समोरच्या शिकवणीतली पोरं त्याच तालावर
एकोणीसचा पाढा म्हणत होती.

ढाळ खाजामियाँ दोन बोटं म्हणाला. मी चार.
दोरी झाली, पाण्याची नळी झाली,
शेवटी मी नातवाची गोटी सोडली भिंतीपासून.
निघाली, एका सांध्यापाशी थबकली,
काही विसरल्यासारखी,
आणि मग शटरखालून रस्त्याला लागली.
खाजामियाँनं ती एक फरशी न बोलता उचलली
आणि पुन्हा बसवली.

चार बोटं कशाला, हे त्यानं विचारलं नाही.

सोपान डाके, शेड नंबर दोन.
पिटाचा ढाळ उलटा होता,
तेल साचायचं शिडीच्या पायाशी.
तीन अर्ज दिले आम्ही.
भुसा टाका, साहेब म्हणाले. टाकत होतो भुसा.
त्या दिवशी भुशाची पेटी रिकामी होती
आणि भरायची पाळी माझी होती.

चौदा दिवस गोणपाटं ओली ठेवली.
टँकरच्या पाण्यातून प्रयागानं मोजून दिल्या
दिवसाला दोन बादल्या, तिसरी मागितली तर
नुसती बघायची.
पंधराव्या दिवशी सोपानला निरोप धाडला.
रिक्षानं आला. आधी काठी टेकवली, मग पाय.
शटरपासून भिंतीपर्यंत गेला, परत फिरला.
काठीनं दोन ठिकाणी ठोकून ऐकलं,
पोकळ आहे का कुठं.

"ढाळ बरोबर हाय," म्हणाला.
मग इकडंतिकडं बघत,
"आन् भुशाची पेटी कुठं ठिवलीस?"

मी दाराशेजारी बोट केलं.
त्यानं झाकण उघडलं
आणि कोपरापर्यंत हात घातला.